तळ्यात जागा, खाडीत वेळ

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. लहानपणापासून तळ्यावर गळ टाकायची त्यांना सवय, रोहू आणि मरळीत हात बसलेला. आईचं माहेर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या खाडीजवळ. बऱ्याच वर्षांनी गेल्या मे महिन्यात ते तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन तिकडे गेले होते. ते लिहितात:

‘पोहोचलो त्या दिवशी मामीचा दुर्गाष्टमीचा उपास होता. कोणाला त्रास नको म्हणून आम्ही बापलेक चहा-नाश्ता उरकून दहाच्या सुमारास खाडीवर गेलो. गुडघाभर पाणी, स्वच्छ वाळू, लांबवर उथळ. दोन वाजेपर्यंत उभे होतो. पुढचे तीन दिवसही तेच. कणकेच्या गोळ्या झाल्या, महागाचा पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं नकली आमिष, झाला, पण एक खेकडा सोडला तर काही लागलं नाही. मामेभाऊ मात्र आम्ही उठायच्या आत नुसत्या हातदोरीनं मुडदुशे आणून ठेवायचा. यंदा पुन्हा जातोय. आठ-दहा हजारांचा समुद्री रॉड आणि चांगले ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, घेऊ का? जागा कोणती धरू? आणि बायको म्हणते पोराला त्या पाण्यात उतरवू नका. तिची समजूत कशी काढू?’

खाली मुलानं स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे: ‘मोठा मासा लागला तर सोडून द्यायचा का? बाबा म्हणतात सोडणं म्हणजे वेडेपणा.’

भाऊ, रॉड घेऊ नका. निदान या वर्षी तरी नको. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य मामीच्या उपासाचं आहे, कारण तुम्हाला मासा का लागला नाही ते त्यात लिहिलेलं आहे.

नागपूरच्या माणसाला पाणी म्हणजे तळं. अंबाझरी असो, गोरेवाडा असो की रामटेकची खिंडसी, पाणी जिथं काल होतं तिथंच आज असतं. त्यामुळे आपण जागा शोधायला शिकतो. कुठं खोल आहे, कुठं बुडालेलं झाड आहे, मरळ कोणत्या गवतात बसते. जागा एकदा सापडली की ती आयुष्यभर पुरते. खाडीत असं नाही. तिथं तीच जागा सकाळी सातला माशांनी भरलेली असते आणि दुपारी बाराला रिकामी. तुम्ही उभे होतात ती जागा चांगलीच असणार. तुमची वेळ चुकली.

खाडीतला तो उथळ वाळूचा, चिखलाचा पट्टा म्हणजे माशांचं जेवणाचं ताट. त्या वाळूत किडे, शिंपले, लहान खेकडे आणि कोळंबीची पिल्लं राहतात. ओहोटीला पट्टा उघडा पडतो किंवा घोटाभर पाण्यावर येतो तेव्हा मासे तिथं थांबत नाहीत. उथळ पाण्यात वरून बगळे आणि घारी टिपतात, त्यात मे महिन्याच्या उन्हात ते पाणी तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशाचा जीव घुसमटतो. म्हणून ते खोल पात्रात उतरतात. भरती लागली की बाहेरचं थंड, ताजं पाणी आत चढतं आणि त्या पाण्याच्या पुढच्या कडेबरोबर मासे पुन्हा पट्ट्यावर येतात. आधी बोयांची पिल्लं आणि कोळंबी येते, त्यांच्यामागे मुडदुशे आणि पालू, आणि त्या सगळ्यांच्या मागावर जिताडा नि तांबोशी. तुमच्या मामांकडे जिताड्याला चणक म्हणतील.

आता उपासाकडे येऊ. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आहे. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी लागते, पण पाण्याला खाडीच्या तोंडातून आतवर चढायलाही वेळ लागतो. तेव्हा तासाभराचा फरक इकडे-तिकडे धरून चाला आणि पहिल्या दिवशी काठावर काठी रोवून तो फरक स्वतः बघून घ्या.

तुम्ही पोहोचलात त्या दिवशी अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. पूर्ण भरती सकाळी सहाला, पूर्ण ओहोटी दुपारी बाराला. नवमीला ती साधारण एकला, दशमीला पावणेदोनला, एकादशीला सव्वादोन-अडीचला. तुम्ही रोज दहा ते दोन उभे राहिलात, म्हणजे चारही दिवस पाणी माशांना घेऊन बाहेर निघालं होतं किंवा तळाला गेलं होतं तेव्हा तुम्ही गळ टाकत होतात. त्यात अष्टमीचा भांग. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात असते, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. कोकणातली माणसं त्याला भांग म्हणतात. पाणी हललं नाही तर खाणंही हलत नाही, आणि मासा आळसावतो. तुमच्या मामेभावाला यातलं सगळं माहीत होतं, म्हणून तो उजाडताना भरलेल्या पाण्यावर जाऊन यायचा आणि तुम्ही उठेपर्यंत घरी असायचा.

तेव्हा पहिला खर्च दिनदर्शिकेचा, आणि ती तुमच्या भिंतीवर आहेच. रजेचा अर्ज टाकायच्या आधी तिथी बघा. मी तुमच्या जागी असतो तर एकादशीला पोहोचलो असतो आणि पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंत राहिलो असतो. का, ते सांगतो. द्वादशीला पूर्ण भरती नऊच्या सुमाराला, त्रयोदशीला पावणेदहाला. म्हणजे उजाडतं तेव्हा पाणी अर्ध्यावर चढलेलं असतं आणि ऊन कडक व्हायच्या आत भरती पूर्ण होते. उधाण जवळ आल्यानं पाण्याला जोरही असतो. सकाळचा गारवा आणि चढतं पाणी एकत्र मिळतात ते याच दिवसांत. ते हुकलं तर दुसरी संधी द्वितीया ते चतुर्थीच्या संध्याकाळची. तेव्हा दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान पाणी भरतं आणि संध्याकाळभर उतरत राहतं. त्या उतरत्या पाण्याचा खेळ वेगळा आहे, तो पुढे सांगतो. रोजच्या नेमक्या वेळा आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत मिळतात, मोबाइलवरही बघता येतात. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे उंचीचा आकडाही बघा. पण तिथीचा हिशेब डोक्यात असू द्या. रेंज नसलेल्या काठावर तोच कामाला येतो, आणि तुमच्या पोराला तो एका दिवसात तोंडपाठ होईल.

मे महिना यासाठी मुळात चांगला आहे. वर नदीचं गोडं पाणी आटलेलं असतं, त्यामुळे खारं पाणी खाडीत खूप आतवर चढतं आणि त्याच्याबरोबर समुद्रातले मासेही. पावसाळ्यात खाडी गढूळ होते, मे महिन्यात दक्षिण कोकणात ती बऱ्यापैकी नितळ असते. नितळ पाण्याचा तोटाही ध्यानात ठेवा: तुम्हाला मासा दिसतो तसा त्याला तुम्ही दिसता. गुडघाभर पाण्यात धपाधप चालत गेलात तर पुढचा पट्टा मोकळा झालेलाच सापडेल. पाय न उचलता सरकत चला. सावली पुढे पडणार नाही असं उभं राहा. ज्या जागी मासे असायला हवेत तिच्यात शिरू नका, तिच्या अलीकडे थांबून फेका. तळ्यावर आपण काठावर बसतो, म्हणून हे शिकायची वेळ आपल्यावर येत नाही.

जागेचंही सांगतो, कारण वेळ जमली की मग जागेला अर्थ येतो. पूर्ण ओहोटीच्या वेळी, जेव्हा गळ टाकून उपयोग नाही, तेव्हा रॉड घरी ठेवून पट्ट्यावर नुसते चालून या. मासे पकडण्याइतकंच हे महत्त्वाचं काम आहे. वाळूत कुठं लांबट खोलगट चर आहेत, कांदळवनातून पाणी बाहेर काढणारे ओहळ कुठं मुख्य पात्राला मिळतात, कालवांचे खडक कुठं आहेत, वाळूवर बशीएवढे उथळ खड्डे कुठं आहेत. असे खड्डे बहुतेक पाकट, म्हणजे वाळूत बसणारा चपटा मासा, चरून गेल्याच्या खुणा असतात. मोबाइलवर फोटो काढा. तासा-दोन तासांनी हे सगळं पाण्याखाली जाईल आणि मासे याच चरांतून वर येतील. चढत्या पाण्यात चराच्या तोंडाशी उभे राहा. उतरत्या पाण्यात ओहळाच्या तोंडाशी या. कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बोयांची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर फेकली जातात आणि जिताडा नेमका त्या तोंडाशी, खडकाच्या किंवा मुळांच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. म्हणून आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि पाण्यानं त्याला आणू द्यायचं. खरी कोळंबी प्रवाहाविरुद्ध पोहत येत नाही. तिला उलटी ओढलीत तर जिताडा हलणारही नाही.

तुमच्या सामानाकडे वळतो. मरळीसाठी वापरता तो सात फुटी रॉड आणि रीळ खाडीला पुरेसं आहे. मरळ गवतातून उपसायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात तांबोशीही येते. फक्त लाइनच्या टोकाला दोन-तीन फूट जाड नायलॉनचा लीडर बांधा, पंचवीस-तीस पौंडांचा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि कालवांचा खडकही लाइन कापतो. कणकेच्या गोळ्या नागपुरातच ठेवा. रोहूला त्या आवडतात, पण या पट्ट्यावरचे मासे कोळंबी आणि किडे खाणारे. तिकडे सुंगटं, म्हणजे कोळंबी, मागा, ताजी. मुडदुशासाठी गळ लहान हवा, कारण त्याचं तोंड लहान असतं. सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा, हलकं शिसं, आणि आमिष वाळूवर टेकलेलं. मुलाला सुरुवात यावरच करू द्या. चढत्या पाण्यात मुडदुशांचा थवा पट्ट्यावर आला की एकापाठोपाठ एक लागतात, आणि तेरा वर्षांच्या पोराला दोन तास नुसतं उभं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तुम्हाला जिताड्याचा प्रयत्न करायचा असेल तर जिवंत सुंगट घ्या. डोक्यात काळसर ठिपका दिसतो तिथं गळ घालू नका, सुंगट लगेच मरतं. शेपटीकडून घाला. ल्युअरच हवे असतील तर मऊ रबरी कोळंबीसारखे दोन-तीन पुरेत. तो महागडा पॉपर पाण्यावर आवाज करतो. गुडघाभर नितळ पाण्यात त्या आवाजानं मासे पळतात. अंधारू लागलं, पाणी कंबरेएवढं झालं, की मग तो वापरून बघा.

रोज परत आल्यावर रीळ आणि गळ गोड्या पाण्यानं धुवा. तळ्याच्या पाण्यातलं रीळ वर्षानुवर्षं टिकतं, खाऱ्या पाण्यात न धुता ठेवलं तर आठवड्यात जाम होईल. पाण्याची धार जोरात सोडू नका, मीठ आत ढकललं जातं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा.

आता वहिनींबद्दल. त्यांची समजूत काढू नका, त्यांचं ऐका. त्या बरोबर बोलतात, आणि मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

उथळ पट्ट्याचा धोका उथळपणातच आहे. माणूस निर्धास्त होतो. भरती सहा तासांत चढते, पण एकसारखी चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाला दोन मीटर चढ असेल तर त्या दोन तासांत एक मीटर. तुमच्या गुडघ्याचं पाणी मुलाच्या डोक्यापर्यंत येतं, तेही तुम्ही चराकडे टक लावून उभे असताना. मुंबईकडे उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. पण निम्मंही पुरेसं आहे.

त्याहून वाईट म्हणजे पाणी समोरून येतंय असं वाटत असतं आणि ते मागून आलेलं असतं. वाळूचा दांडा मध्ये उंच असतो. त्याच्या आणि काठाच्या मधला चर आधी भरतो. तुम्ही दांड्यावर घोटाभर पाण्यात उभे, आणि परतीच्या वाटेवर छातीभर पाणी, त्याला ओढ. नदीच्या मुखाशी ही ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही नेते. म्हणून नियम असा ठेवा: दांड्यावर जायचं असेल तर जाताना सगळ्यात खोल जागा कुठं लागली ती लक्षात ठेवा, तिथं काठी रोवा, आणि काठीवर पाणी गुडघ्याला आलं की परतायचं. मासा लागत असला तरी परतायचं. गजर लावून ठेवा. मुलाला पहिल्या वर्षी दांड्यावर नेऊच नका. काठाला लागून घट्ट वाळू असते, तिथं गुडघ्याखालच्या पाण्यात त्याला उभं करा, अंगात लाइफ जॅकेट आणि हाताच्या अंतरावर तुम्ही. मुडदुशे तिथंही येतात. आणि काठावर एक मोठं माणूस कायम हवं, ज्याच्या हातात रॉड नाही. वहिनी बरोबर येत असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या आणि ‘परत या’ हा त्यांचा शब्द शेवटचा माना. मला वाटतं, एवढं कबूल केलंत तर त्या स्वतःच पोराला घेऊन जा म्हणतील.

खाजणाच्या मऊ चिखलात उतरू नका. वाळू संपून काळा चिखल लागला की थांबा. पाय रुतलाच तर उभ्यानं ओढू नका. मागे बसा, वजन पसरवा आणि पाय हलवत हलवत मोकळा करा.

पायात कडक तळव्याचे कॅनव्हासचे बूट हवेत, चप्पल नको, अनवाणी तर मुळीच नको. कालवांची धार ब्लेडसारखी कापते, आणि उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात अशा जखमा चिघळतात. घरात कोणाला मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर त्यानं जखम घेऊन या पाण्यात उतरूच नये, आणि जखम झाली, लाल होऊन सुजली, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. पाकट वाळूत अंग पुरून बसतं, त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाय सरकवत चाललं की ते आधीच निघून जातं, आणि त्याच्यावर पाय पडला तरच काटा मारतं. शिंगाळा माशाच्या कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटेही विषारी असतात, गळातून काढताना पक्कड वापरा. काटा लागला तर जखम धुवून सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय किंवा हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना बरीच उतरते. पाणी किती गरम आहे ते ज्याला लागलेलं नाही त्यानं हात घालून बघायचं, नाहीतर भाजेल. आत रुतलेला मोठा काटा स्वतः उपटू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टर यांना पर्याय नाही. आणि गळाला फुगणारा केंड लागला तर तो घरी न्यायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

उन्हाचं नागपूरकराला सांगायचं म्हणजे जीव कचरतो. २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आचऱ्याला मे महिन्यात तो चौतीस-पस्तिसावर असतो. आपल्याला वाटतं, हे काय ऊन! पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो तसा उडतो आणि अंग गार राहतं. किनाऱ्यावर हवा दमट, घाम अंगावरच राहतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय पाण्यावरून आणि वाळूवरून ऊन उलटं तोंडावर येतं. टोपी घातली तरी हनुवटीखालून भाजतं. तेव्हा दुपट्टा आणाच, तोंडावर बांधा. पूर्ण बाह्यांचा सदरा, साखर-मीठ-लिंबाचं पाणी, आणि दहानंतर घरी. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा मात्र जरूर घ्या. रॉडचे आठ-दहा हजार वाचवताय त्यातले थोडे इथं घाला. तो लावला की वाळूवरची माशाची सावली, चराची कड आणि वाळूत दडलेलं पाकट, तिन्ही दिसतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्यात हलकं आमिष फेकता येत नाही, हेही सकाळी जाण्याचं कारण. मे अखेरीस वळवाचे ढग दिसले, पहिला गडगडाट ऐकू आला की रॉड खाली घालून पाण्याबाहेर या. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि उघड्या पट्ट्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता.

त्या खाडीवर पोट असलेली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल एक गोष्ट आग्रहानं सांगतो. आपल्याकडे तळी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेली असतात, तिथं आपण विचारून बसतो. खाडीला कुंपण नाही म्हणून ती मोकळी आहे असं समजू नका. जाळं लावलेलं असेल त्याच्या जवळ गळ टाकायचा नाही. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर बाजूला व्हायचं, हात लावायला बोलावलं तर लावायचा. पहिल्याच सकाळी मामेभावाला बरोबर घ्या आणि कुठं बसलेलं चालेल ते त्याच्याकडून विचारून घ्या. कांदळवनाच्या फांद्या तोडून वाट करू नका, कायद्यानंही ते बंद आहे. मालवणचा किल्ला बघायला गेलात तर तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे चौकशी केल्याशिवाय गळ काढू नका. आणि जून उजाडायच्या आत परत फिरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण ते दिवस बऱ्याच माशांच्या विणीचे. काठावरून गळ टाकणाऱ्याला ती बंदी लागत नसली तरी पाऊस लागल्यावर ती खाडी नवख्यासाठी नाही.

शेवटी मुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यालाच देतो.

बाळा, मासा कोणता आणि किती मोठा, यावर ते ठरतं. मुडदुशे लागले तर घरी लागतील तेवढे ठेव, अगदी बोटाएवढे लागतील ते सोड. पण मोठा जिताडा लागला तर सोड, आणि बाबांनाही सोडायला लाव. जिताडा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून राहतो, आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे हाताएवढा लांब, पाहून सगळे ओरडतील असा जिताडा बहुतेक मादीच असते, आणि पावसाच्या सुमाराला ती खाडीच्या मुखाशी जाऊन लाखोंनी अंडी घालते. मे महिन्यात ती तुझ्या हाताला लागली तर तिचे ते दिवस तोंडावर आलेले असतात. घरी जेवायला मध्यम आकाराचा मासा पुरतो, आणि चवीलाही तोच चांगला.

सोडायचा तर नीट सोडायचा, नाहीतर तो पुढे जाऊन मरतो. गळाची उलटी दाढ पकडीनं आधीच दाबून ठेव, म्हणजे गळ पटकन निघेल. मासा लागला की उगाच दमवत बसू नकोस. कोमट पाण्यात तो लवकर थकतो आणि मग सावरत नाही. हात ओले कर, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. जबड्याला धरून लटकवू नकोस, पोटाखाली दुसरा हात दे. फोटो हवा असेल तर बाबांना मोबाइल आधी तयार ठेवायला सांग, आणि तुझा श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेव. मग पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धर, पुढे-मागे ढकलू नकोस, पाणी आपोआप कल्ल्यांतून जाऊ दे. शेपटीला जोर आला की तो स्वतःच हातातून सुटेल. कल्ल्यांत बोटं तेवढी घालू नकोस, धार असते.